खाशाबांची ढाक

पुण्याच्या मार्केट यार्डापासून कराडच्या तालमींपर्यंत कुस्तीशौकिनांच्या गप्पांत 'ढाक' हा शब्द आला, की पाठोपाठ खाशाबा जाधव यांचे नाव येतेच. प्रतिस्पर्ध्याची मान काखेत जखडून त्याला क्षणार्धात जमिनीवर फेकण्याचा हा डाव त्यांच्या खास आवडीचा होता.

१५ जानेवारी १९२६ रोजी सातारा जिल्ह्यातील गोळेश्वर येथे जन्मलेले खाशाबा लाल मातीत घडले. १९४८ च्या लंडन ऑलिम्पिकमध्ये मॅटचा सराव नसतानाही त्यांनी सहावा क्रमांक मिळविला. १९५२ मध्ये हेलसिंकीला जाण्यासाठी पैसे नव्हते. तेव्हा कोल्हापूरच्या राजाराम महाविद्यालयाचे प्राचार्य खर्डेकर यांनी घर गहाण ठेवून सात हजार रुपये उभे केले. तेथे ५७ किलो गटात कॅनडा, मेक्सिको व जर्मनीच्या मल्लांना नमवीत त्यांनी कांस्यपदक पटकाविले. स्वतंत्र भारताचे हे पहिले वैयक्तिक ऑलिम्पिक पदक. मायदेशी परतल्यावर त्यांची शंभराहून अधिक बैलगाड्यांची मिरवणूक निघाली. पुढे कुस्त्यांचे फड भरवून त्यांनी प्राचार्यांचे ऋण फेडले.

१४ ऑगस्ट १९८४ रोजी अपघातात त्यांचे निधन झाले. अर्जुन पुरस्कार मिळाला, तो मात्र मरणोत्तर. ऑलिम्पिकमधील पुढचे वैयक्तिक पदक भारताला मिळण्यास १९९६ साल उजाडावे लागले. कुस्तीतील पदकासाठी तर २००८ पर्यंत वाट पाहावी लागली. सरकारदरबारी उशिरा झालेली ही दखल कुस्तीशौकिनांनी मात्र त्यांच्या डावांची आठवण जपून केव्हाच घेतली होती.