लोणारची पायवाट आणि आपला इतिहास



यंदाच्या स्मरणिकेकरिता 'लोणारची देवळे आपल्या पूर्वजांनी बांधली' या विषयावर लेख लिहावा, अशी सूचना संपादक मंडळाने आम्हांस केली. ही गोष्ट वडीलधाऱ्यांच्या तोंडून आम्हीही बाळपणापासून ऐकत आलो आहोत. परंतु पुराव्यावाचून विधान करू नये, असे वर्गात मुलांना सांगण्यात ज्याचे आयुष्य गेले, त्याने तोच नियम स्वतःस लावावयास नको काय? म्हणून लेखणी हाती घेण्यापूर्वी, गेल्या हिवाळ्यात, आम्ही ती वाट पुन्हा एकदा पायी चालून आलो.

प्रथम गावातील दैत्यसूदनाचे दर्शन घेतले. लवणासुराचा वध करणाऱ्या विष्णूचे हे मंदिर. त्याच्या बाह्य भिंतींवरील शिल्पे पाहता पाहता घटका कशी सरते ते कळत नाही. तेथून आम्ही धारेवर गेलो. गोमुखातून पडणाऱ्या पाण्याने हातपाय धुऊन विवरात उतरू लागलो. हे विवर एका काठापासून दुसऱ्या काठापर्यंत सुमारे १.८ किलोमीटर रुंद असून सुमारे दीडशे मीटर खोल आहे. खाली उतरताच गावाचा गलबला मागे राहतो. साग, बाभळी, मोरांचा केका आणि आपल्याच पावलांचा आवाज, एवढेच सोबतीस उरते. झाडीत रामगया, कमळजादेवी, वाघ महादेव, मोर महादेव अशी देवळे आहेत. कोठे शिखर ढासळले आहे, कोठे मुळ्यांनी चिरे उकलले आहेत. आम्ही खांब न् खांब निरखला. आपल्या ज्ञातीचे नाव सांगणारा एकही लेख आम्हांस आढळला नाही.

येथे कोणी म्हणेल, देवळे तर हेमाडपंती आहेत, तेव्हा काळ तरी निश्चित झाला. तसेही नाही. हेमाद्री हा यादव राजे महादेव व रामचंद्र यांचा मंत्री; त्याचा काळ तेरावे शतक. परंतु अंबरनाथच्या शिवमंदिरातील लेख शके ९८२ चा, म्हणजे इ. स. १०६० चा आहे. ते बांधले गेले तेव्हा हेमाद्रीचा जन्मही झालेला नव्हता. तरी लोक त्यासही हेमाडपंतीच म्हणतात. चुन्यावाचून दगडावर दगड बसविलेले प्रत्येक जुने देऊळ आपण एकाच माणसाच्या पदरी घातले, आणि ज्या पाथरवटांनी ते घडविले त्यांचा विसर पडला.

चूक केवळ आपणच करतो असे नव्हे. हे विवर ज्वालामुखीचे मुख असावे, असे पुष्कळ विद्वान मानीत. १९७३ साली भारतीय व अमेरिकी शास्त्रज्ञांनी येथील दगडांत प्रचंड आघातानेच होणारी काच दाखविली, आणि आकाशातून पडलेल्या अशनीने हे विवर झाले, हे सिद्ध झाले. त्याचे वय ५० हजार वर्षे समजत. पुढील मापनाने ते सुमारे ५ लाख ७० हजार वर्षे ठरले. विद्वानांनी आपले मत बदलले, त्यात त्यांची मानहानी झाली नाही. आपली तरी का व्हावी?

मग निश्चित काय उरते? थोडे नाही. लीळाचरित्रात श्रीचक्रधरस्वामींच्या लोणार येथील वास्तव्याच्या लीळा आहेत. अकबराच्या काळी अबुल फजलने ऐने-अकबरीत, काच व साबण यांस लागणारे द्रव्य या सरोवरातून निघते, अशी नोंद केली. त्या खाऱ्या पाण्यातून निघणाऱ्या क्षारांस दल्ला, खुप्पल, पापडी, भुस्की अशी निरनिराळी नावे होती. ही नावे दरबारात नव्हे, चिखलात उभे राहून क्षार काढणाऱ्यांच्या तोंडी घडली असली पाहिजेत. त्या श्रमिकांची नावे मात्र कोठेही कोरलेली नाहीत.

आपले पूर्वज नवरात्रात कमळजेच्या यात्रेस जात, एवढे आम्ही स्वतःच्या डोळ्यांनी पाहिले आहे. वडिलांचे बोट धरून आम्हीही गेलो आहोत. एवढे सत्य आपणांस पुरे आहे. मंदिर बांधल्याचा खोटा मान घेण्यापेक्षा त्याच्या उंबऱ्याशी शेकडो वेळा नम्र झाल्याचा खरा मान आम्हांस मोठा वाटतो.

आता दोनच विनंत्या. हे स्थळ २००० साली अभयारण्य झाले आणि २०२० साली रामसर यादीत गेले. तेथील दगड आठवण म्हणूनही कोणी उचलू नये, मूर्तींस रंग फासू नये. दुसरी अशी की, ज्यांच्या घरी जुन्या पेट्यांत वंशावळी, खरेदीखते, यात्रेच्या खर्चाच्या वह्या असतील, त्यांनी त्यांच्या नकला मंडळाकडे द्याव्यात. वाळवीने खाण्यापूर्वी त्या वाचल्या जाव्यात. उद्या त्यांतूनच एखादा पुरावा निघाला आणि आमचे म्हणणे खोटे ठरले, तर पुढील स्मरणिकेत ती दुरुस्ती आम्ही स्वहस्ते व आनंदाने लिहू.

इत्यलम्.