कागदावरील सीमा आणि रानांतील दगड

अमेरिकेच्या ईशान्य कोपऱ्यांत न्यू इंग्लंड या नांवानें जो प्रदेश ओळखला जातो, तेथें हिवाळ्याच्या आरंभीं एक चमत्कारिक दृश्य कधींकधीं पाहावयास मिळतें. पहिला हलका बर्फ पडून गेलेला असतो. मेपलचीं पानें केव्हांच गळून पडलेलीं असतात. अशा निष्पर्ण रानांतून एखादा गृहस्थ हातांत जुना नकाशा, खिशांत होकायंत्र आणि पुढें एक कुत्रा अशा थाटानें हळूहळू चालत असतो. तो शिकारीस निघालेला नसतो. उलट दुसऱ्या कोणाच्या बंदुकीनें आपणच टिपले जाऊं नये म्हणून त्यानें अंगांत भडक नारिंगी बंडी घातलेली असते, आणि कुत्र्याच्या गळ्यांतही त्याच रंगाचा पट्टा असतो. तो शोधीत असतो एक दगड. हा दगड गुडघ्याएवढा उंच, ओबडधोबड घडविलेला. त्याच्या एका अंगावर एका गांवाचें आद्याक्षर आणि दुसऱ्या अंगावर शेजारच्या गांवाचें.

कुत्र्यास अक्षरें वाचतां येत नाहींत. परंतु रानांत जें जें उभें आणि एकाकी असेल, त्याची चौकशी केल्यावांचून तो पुढें जात नाहीं. बर्फांतून वीतभर वर आलेला दगड माणसाच्या नजरेंतून निसटतो, तसा तो कुत्र्याच्या नाकांतून सहज निसटत नाहीं. तेथें थांबून आपल्या जातीच्या रिवाजाप्रमाणें तो स्वतःचीही हद्द कायम करतो, आणि मागून मालक लगबगीनें येऊन बर्फ झाडूं लागतो.

हा दगड रानांत कां गेला, हा पहिला प्रश्न. ज्यांनीं तो रोवला, त्यांच्या वेळीं पुष्कळ ठिकाणीं तेथें उघडें शेत होतें. सतराव्या व अठराव्या शतकांत इंग्लंडांतून आलेल्या वसाहतकऱ्यांनीं येथील अरण्य तोडून शेतें आणि कुरणें केलीं. जमिनींतून निघालेले धोंडे त्यांनीं कडेस रचले, आणि अशा रीतीनें हजारों मैल लांबीचे गडगे उभे राहिले. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास दक्षिण न्यू इंग्लंडचा निम्म्याहून अधिक भाग उघडा झालेला होता. परंतु १८२५ सालीं ईरी कालवा पुरा झाला, मागोमाग आगगाड्या आल्या, आणि पश्चिमेकडील सपाट व सुपीक जमिनींतलें धान्य पूर्वेच्या बाजारांत स्वस्त मिळूं लागलें. धोंड्यांशीं झगडण्यांत ज्यांच्या पिढ्या गेल्या, त्या शेतकऱ्यांचीं मुलें कोणी पश्चिमेस गेलीं, कोणी कापडाच्या गिरण्यांत शिरलीं. ओस पडलेल्या शेतांवर प्रथम पाइन वाढला, त्याच्या मागून ओक आणि मेपल आले. आज तेथें जें दाट रान दिसतें, त्याच्या पोटांत जुनीं शेतें, पडक्या घरांचीं तळघरें, गडगे आणि शिवेचे दगड असें सारें गांवपण दडलेलें आहे.

उन्हाळ्यांत हें रान आपलें गुपित सांगत नाहीं. नेचे कमरेइतके वाढतात, काटेरी वेली वाट अडवितात, दलदलींतून जातां येत नाहीं आणि डांस माणसास उभें राहूं देत नाहींत. हिवाळ्यांत हे सर्व अडथळे दूर होतात. दलदल गोठून पायाखालीं घट्ट लागते. दोन बोटें बर्फ पडला कीं जुना गडगा पांढऱ्या कागदावर ओढलेल्या रेघेसारखा दूरवर दिसूं लागतो, आणि तिरप्या उन्हांत लहानसा उंचवटाही सांवली टाकतो. बर्फ फार पडला तर मात्र दगडच झांकला जातो. म्हणून अशा शोधास योग्य दिवस थोडेच. शिवाय तेथील थंडीचा आणखी एक खेळ आहे. जमिनींतलें पाणी गोठतांना फुगतें व दगडास वर उचलतें. दर वर्षीं थोडें थोडें उचलतां उचलतां सरळ रोवलेला दगड कलतो आणि शेवटीं आडवा पडतो. तेव्हां शोधकास उभ्या दगडाबरोबर पडलेला दगडही ओळखतां आला पाहिजे.

हे दगड राखण्याची जबाबदारी तेथील कायद्यानें फार पूर्वींपासून गांवांवर टाकलेली आहे. जुन्या इंग्लंडांत वर्षांतून एकदां गांवचे लोक धर्मगुरूसह आपल्या शिवेची फेरी करीत. बरोबर मुलांस नेत, आणि प्रत्येक खुणेच्या दगडापाशीं त्यांस उचलून आपटीत अथवा छडीचा प्रसाद देत. हेतु हा कीं, साठ वर्षांनीं हद्दीचा तंटा उपस्थित झालाच, तर ती जागा न विसरलेला एक तरी साक्षीदार जिवंत असावा. छडीचा इतका दूरदर्शी उपयोग शाळेंत क्वचितच झाला असेल! न्यू इंग्लंडच्या वसाहतकऱ्यांनीं या फेरीचा धार्मिक भाग टाकला व फेरी तेवढी ठेवली. मॅसॅच्युसेट्समध्यें सतराव्या शतकाच्या मध्यासच गांवांच्या हद्दी खुणांनीं ठरवाव्या आणि शेजारच्या दोन गांवांच्या प्रतिनिधींनीं त्या ठराविक मुदतीनें एकत्र चालून पाहाव्या, असा नियम झाला. तो नियम अद्याप आहे. मॅसॅच्युसेट्समध्यें ही फेरी दर पांच वर्षांनीं व न्यू हॅम्पशरमध्यें दर सात वर्षांनीं करावयाची असते. तथापि ती सर्वत्र वेळेवर होतेच असें नाहीं. प्रसिद्ध निबंधकार थोरो हा उपजीविकेसाठीं मोजणीदाराचें काम करी. १८५१ सालच्या सप्टेंबरांत तोही काँकर्ड गांवच्या पंचांबरोबर अशा फेरीस गेला होता.

शिवेचा धोंडा, बांध आणि हद्दीचे तंटे हे शब्द महाराष्ट्रांतील घरांस नवे नाहींत. आपल्या जुन्या गांवगाड्यांत शिवेची बारीक माहिती महारास असे, आणि वादाच्या वेळीं त्याच्या साक्षीस मोठें वजन असे. दोन्हीकडे मर्म एकच होतें: सीमा लिहून ठेवणें पुरेसें नसतें, ती कोणाच्या तरी पायांस ठाऊक असावी लागते. हें मर्म विसरलें म्हणजे काय होतें, याचें उत्तम उदाहरण मॅसॅच्युसेट्स आणि न्यू हॅम्पशर या दोन प्रांतांच्या सीमेचें आहे.

१६२९ सालीं इंग्लंडचा राजा पहिला चार्ल्स यानें मॅसॅच्युसेट्सच्या वसाहतीस सनद दिली. तिच्यांत उत्तर सीमा मेरिमॅक नदीच्या उत्तरेस तीन मैलांवर ठरविली होती. लंडनमध्यें बसून हें लिहिणें सोपें होतें. समुद्रकांठीं पाहणाऱ्यास ती नदी पश्चिमेकडून पूर्वेकडे वाहते असेंच दिसे. परंतु मुखापासून वर जाऊं लागलें कीं कांहीं मैलांवर नदी एकदम वळते आणि पुढचा सर्व प्रवाह उत्तरेकडून येत असलेला आढळतो. मग नदीच्या उत्तरेस तीन मैल म्हणजे कोठें? मॅसॅच्युसेट्सनें आपल्या सोयीचा अर्थ घेतला. १६५२ सालीं त्यांचे प्रतिनिधि नदीनें वर चढत थेट विनिपेसॉकी सरोवरापर्यंत गेले, आणि सरोवराच्या मुखाशीं एका खडकावर त्यांनीं आपलीं आद्याक्षरें व गव्हर्नर जॉन एंडिकॉट याचें नांव कोरलें. तेथून उत्तरेस तीन मैल मोजून तेथपर्यंतचा मुलूख आपला, असा त्यांचा दावा होता. तो खडक पुढें विस्मृतींत गेला आणि १८३३ सालीं पुन्हां उजेडांत आला. हल्लीं त्यावर पाषाणाची छत्री बांधलेली आहे. दावा बुडाला, खूण मात्र राहिली.

न्यू हॅम्पशरास हा अर्थ मान्य होणें शक्य नव्हतें. वाद शेवटीं राजापुढें गेला आणि १७४० सालीं दुसऱ्या जॉर्जच्या दरबारीं निकाल झाला. समुद्रापासून पॉटकेट धबधब्याच्या उत्तरेपर्यंत सीमेनें नदीच्या वळणांबरोबर तीन मैल अंतरावरून जावें, आणि तेथून पुढें तिनें सरळ पश्चिमेस जावें, असें ठरलें. कागद पुन्हां स्पष्ट झाला. आतां तो जमिनीवर उतरवावयाचा होता.

तें काम १७४१ सालच्या हिवाळ्याअखेरीस झालें. नदीकांठचा वळणांचा भाग जॉर्ज मिचेल यानें मोजला. पश्चिमेकडील सरळ रेषा रिचर्ड हेझन या मोजणीदाराकडे आली. मार्च महिन्यांत तो आपल्या सोबत्यांसह निघाला. बर्फांत पाय रुतूं नये म्हणून रुंद जाळीचे जोडे घालून, साखळी टाकीत आणि झाडांच्या सालींवर कुऱ्हाडीनें खुणा करीत, ते लोक शंभर मैलांहून अधिक अंतर अरण्यांतून चालले. कनेक्टिकट नदी ओलांडून, पुढचे डोंगर चढून ते एप्रिलमध्यें हडसन नदीपर्यंत पोंचले. हेझनची या प्रवासांतील रोजनिशी पुढें छापली गेली आहे.

परंतु त्या रेषेंत एक दोष राहून गेला. होकायंत्राची सुई खऱ्या उत्तरेकडे पाहत नाहीं. ती किती कलते हें स्थळाप्रमाणें व काळाप्रमाणें बदलतें. गव्हर्नर बेल्चर याच्या सूचनेवरून हेझननें सुईच्या कलासाठीं दहा अंश सोडले. हे अंश प्रत्यक्ष कलापेक्षां अधिक होते. एका अंशाची चूक एका मैलावर सुमारें ९२ फूट होते. ती शंभर मैल वाढत गेली कीं काय होईल, याचा हिशेब मॅट्रिकचा विद्यार्थीही करूं शकेल. हेझनची रेषा सरळ पश्चिमेस जाण्याऐवजीं उत्तरेकडे झुकत गेली, आणि तिचें पश्चिमेचें टोंक पूर्वेच्या टोंकापेक्षां सुमारें तीन मैल उत्तरेस पडलें. तेवढी पाचरीच्या आकाराची भूमि न्यू हॅम्पशरच्या हातून गेली. पुढें व्हर्माँट संस्थान निर्माण झालें तेव्हां त्याची दक्षिण सीमाही हीच ठरली.

राजाच्या निकालानें व या रेषेनें ज्यांचीं घरें उलटसुलट झालीं, त्यांस या अंशांचा अर्थ फार जवळून कळला. डन्स्टेबल नांवाचें जुनें गांव दोन प्रांतांत दुभंगलें. मॅसॅच्युसेट्सकडून जमिनी घेऊन ज्यांनीं रान तोडलें होतें, घर बांधलें होतें, ते एका सकाळीं न्यू हॅम्पशरचे रहिवासी झाले. आपली सनद आतां चालते कीं नाहीं, कर कोणास द्यावयाचा, फिर्याद कोणत्या न्यायालयांत न्यावयाची, हे प्रश्न त्यांच्या चुलीपर्यंत आले. १७४६ सालीं न्यू हॅम्पशरवरील एका जुन्या घराण्याचा हक्क पोर्टस्मथ येथील बारा जणांनीं विकत घेतला, तेव्हां कित्येक गांवांस आपल्याच जमिनीचा हक्क नव्यानें मिळवावा लागला.

आतां खुणांकडे पाहावें. हेझनच्या खुणा झाडांवर होत्या, आणि झाड कितीही मोठें असलें तरी मर्त्यच. वणवा, कुऱ्हाड व वारा यांपुढें त्याचें कांहीं चालत नाहीं. विसाव्या शतकांत तर एका रोगानें तेथील चेस्टनट वृक्ष जवळजवळ निपटून काढले, आणि २१ सप्टेंबर १९३८ च्या वादळानें रानेंच्या रानें आडवीं केलीं. पण त्याच्या कितीतरी आधीं, १८२५ सालीं दोन्ही राज्यांचे अधिकारी रेषा पुन्हां शोधण्यास निघाले, तेव्हांच मूळच्या खुणा दुर्मिळ झाल्या होत्या. तेथें पुन्हां मतभेद झाला. न्यू हॅम्पशरचें म्हणणें, राजाज्ञेंत सरळ पश्चिम लिहिलें आहे, म्हणून सरळ पश्चिमेस जा. मॅसॅच्युसेट्सचें म्हणणें, हेझन जेथून चालला आणि लोकांनीं जेथें ऐंशी वर्षें सीमा मानली, तीच सीमा. १८२७ मध्यें मॅसॅच्युसेट्सनें जुन्या रेषेवर दगड रोवले. १८८५ मध्यें हा विषय पुन्हां निघाला, आणि त्या शतकाच्या अखेरीस पूर्वींपासून मानलेली रेषाच दोन्ही राज्यांनीं पत्करली.

गणिताच्या दृष्टीनें हा निर्णय चुकीस मान देणारा वाटेल. न्यायाच्या दृष्टीनें तो तसा नाहीं. अमेरिकेंतील न्यायालयें सामान्यतः असें मानतात कीं, दस्तऐवजांतील दिशा व अंतरें यांचा आणि जमिनीवर प्रत्यक्ष लावलेल्या खुणेचा विरोध आला, तर खूण श्रेष्ठ. यांत शहाणपण आहे. माणसानें घर बांधलें, विहीर खणली, मुलांस वांटण्या करून दिल्या, त्या सर्व त्या खुणेकडे पाहून. तीन पिढ्यांनंतर कोणी उत्तम होकायंत्र घेऊन आला आणि शिवेचा दगड चुकीच्या जागीं आहे म्हणूं लागला, तर त्याच्या अचूकपणाचा दंड निरपराध माणसांनीं कां भरावा? सीमेचें काम शेजाऱ्यांस शांततेनें नांदूं देणें हें आहे, आणि तें काम वांकड्या पण मान्य रेषेनेंही होतें.

म्हणूनच रानांतला तो दगड इतका मोलाचा. एकदां तो हरवला कीं वाद पुन्हां कागदावर जातो, आणि कागद नदीच्या वळणाइतकाच फसवा असूं शकतो. हें जाणणारा शोधक दगड सांपडल्यावर तो उकरीत नाहीं कीं हालवीत नाहीं. तसें करणें हा गुन्हाही आहे. तो हातमोजा काढतो, शेवाळावरचा बर्फ झाडतो, बोटानें अक्षर चांचपून पाहतो, दगड उभा आहे कीं कलला आहे तें टिपून घेतो, आणि माहिती गांवच्या कचेरींत नेऊन देतो. तोंपर्यंत कुत्रा गडग्यावरून उडी मारून दुसऱ्या गांवच्या हद्दींत गेलेला असतो. मालक शीळ घालतो, कुत्रा परत येतो, आणि दोघे पुढच्या दगडाच्या दिशेनें चालूं लागतात.