हरळय्यांच्या मुलखातली चपलेची कड

बिदर-कलबुर्गीच्या आठवणी निघाल्या की आपण किल्ला लिहितो, बिदरी काम लिहितो, माणिकनगरचा दरबार लिहितो. चपलेवर कुणी लिहीत नाही. आमचं घर हुमनाबाद तालुक्यातलं, चार पिढ्या चामड्याच्या कामात. मी आयटीआय करून फिटर झालो आणि पुण्याला आलो, पुतण्यानं मात्र गावात दुकान चालू ठेवलंय. यंदा त्याला चपलेची कड घासायला मशीन घ्यायचंय. "काका, ग्राइंडर घेऊ का बेल्टचं घेऊ?" एवढाच त्याचा प्रश्न. पण या धंद्याचा इतिहास डोळ्यासमोर ठेवल्याशिवाय त्याचं नीट उत्तर देता येत नाही.

आमच्या भागात या कामाला बसवकल्याणपासून ओळख आहे. बाराव्या शतकात कल्याणला बसवण्णांच्या शरणांत चपला शिवणारे हरळय्या होते आणि कातडं कमावणारे ढोर कक्कय्याही होते. हरळय्यांनी एकदा 'शरणु' म्हटलं, बसवण्णांनी उलट दोनदा 'शरणु शरणार्थी' म्हटलं. तो जादा नमस्कार फेडायचा म्हणून हरळय्या आणि कल्याणम्मांनी आपल्या मांडीच्या कातड्याच्या चपला करून नेल्या, आणि बसवण्णांनी त्या पायात न घालता डोक्यावर घेतल्या, अशी कथा घरोघरी सांगतात. कथा बाजूला ठेवा. हरळय्यांचा मुलगा आणि ब्राह्मण मधुवरसांची मुलगी यांचं लग्न झालं, त्यापायी दोन्ही बापांना बिज्जळाच्या राज्यात देहदंड झाला आणि ११६७ च्या सुमारास कल्याण पेटलं. चामड्याला हात लावणाऱ्या घरात सोयरीक झाली, एवढंच कारण. आमच्या आजोबांच्या काळीही गिऱ्हाईक चपलेचे पैसे वरून हातावर टाकायचं, म्हणजे आठशे वर्षांत किती अंतर कापलं ते बघा. धारावीत संत कक्कय्या मार्ग आहे. पोटासाठी मुंबई गाठलेली माणसं आपला संतही बरोबर घेऊन गेली.

दुसरा फटका नकाशाचा. निजामाच्या काळी उदगीर, निलंगा, अहमदपूर हे तालुके बिदर जिल्ह्यातच होते. १ नोव्हेंबर १९५६ ला ते मुंबई राज्यात गेले, आम्ही म्हैसूर राज्यात. सोयरे एका राज्यात, दुकान दुसऱ्या राज्यात. पुढं महाराष्ट्रात १९७४ ला चर्मोद्योग महामंडळ आलं, कर्नाटकात १९७६ ला लिडकर. २०१९ मध्ये कोल्हापुरी चपलेला भौगोलिक मानांकन मिळालं ते दोन्ही राज्यांच्या चार-चार जिल्ह्यांना. कर्नाटकातले बेळगाव, धारवाड, बागलकोट, विजापूर. बिदर नाही, कलबुर्गी नाही. २०२५ च्या जूनमध्ये प्राडाच्या मिलानच्या शोमध्ये तसल्याच चपला दिसल्या आणि गदारोळ झाला, तेव्हाही आमचं नाव कुठं नव्हतं. नावावर माल खपणार नाही, तर निदान कामाची सफाई तरी दिसायला पाहिजे. आणि सफाई कडेवरच दिसते.

बाभळीच्या साली आणि हिरड्यानं कमावलेल्या कातड्याचे थर एकावर एक बसवले की कड कधीच सारखी येत नाही. आजोबा रापीनं ती उतरवायचे, मग फुटक्या काचेच्या तुकड्यानं खरवडायचे, पाण्याचा हात फिरवून गुळगुळीत लाकडानं घासायचे आणि शेवटी मेण लावायचे. सालीनं कमावलेलं कातडं असं घासलं की दाबून चकाकतं. क्रोमचं कातडं चकाकत नाही, नुसतं पिंजारतं. त्याला रंगच लावावा लागतो. म्हणून मशीनच्या आधी माल कुठला आणतोस ते सांग, असं मी पुतण्याला म्हटलं.

आता मशीन. गावात पटकन मिळतो तो हातातला ४ इंची अँगल ग्राइंडर. तो मिनिटाला साधारण ११,००० फेरे घेतो, म्हणजे चकतीची कड मिनिटाला जवळजवळ साडेतीन किलोमीटर पळते. लोखंडाला ठीक. चपलेची कड मात्र डोळ्याची पापणी लवायच्या आत करपते, आणि हातातून निसटला तर बोट जातं. टेबलावरचा ६ इंची ग्राइंडर २,८०० च्या आसपास फिरतो, तोसुद्धा मिनिटाला सव्वा किलोमीटरच्या वर. सालीचं कातडं ओलसर असताना ७०-८० अंशांतच आकसतं, त्यामुळं कड काळी पडली म्हणजे ती पॉलिश झाली असं समजू नये, ती जळालेली असते. छोटं रोटरी टूल नक्षीच्या कामाला, पट्ट्याच्या भोकांना बरं. जाड तळाला त्याचा जीव पुरत नाही.

माझं मत १,४४० फेऱ्यांच्या साध्या मोटरीवर २ इंची ड्रम बसवायचं. वेग मिनिटाला २३० मीटरच्या आसपास येतो, घाई होत नाही, हाताला अंदाज राहतो. आधी ८० नंबरचा पॉलिश पेपर, मग १२०, शेवटी २२०. त्याच दांड्यावर दुसऱ्या टोकाला लाकडी चाक लावलं की मेणाचं कामही होतं. वीज गेली तर रापी आहेच! बेल्टचं मशीन तळ सपाट करायला उत्तम, पण आतल्या वळणात बेल्ट शिरत नाही आणि कोल्हापुरी घाटाच्या चपलेला वळणं फार.

मोटरीपेक्षा महत्त्वाची आहे धूळ, आणि तिच्याबद्दल दुकानदार एक शब्द बोलत नाही. काचेनं खरवडताना कातड्याची साळ निघायची, ती जमिनीवर पडायची. मशीननं पीठ होतं आणि ते हवेत तरंगतं. चामड्याची धूळ नाकाच्या आणि त्याजवळच्या पोकळ्यांच्या कॅन्सरला कारण होते, असं जागतिक आरोग्य संघटनेची कॅन्सर संशोधन संस्था सांगते. तिनं ही धूळ पहिल्या, म्हणजे खात्रीच्या गटात टाकलीय. तोंडाला रुमाल बांधून ती अडत नाही. पुतण्याचं दुकान दहा बाय बाराचं, मागच्या खोलीत त्याची पोरं अभ्यासाला बसतात. म्हणून मोटरीच्या पैशातून आधी धूळ ओढणारा पंखा आणि पिशवी, घट्ट बसणारा मास्क, आणि मशीन मागच्या भिंतीला न लावता अंगणाकडच्या पत्र्याच्या शेडात. त्यासाठी वायर नव्यानं ओढावी लागणार, खर्च वाढणार. पुतण्या कुरकुरतोय, पण सून म्हणाली, "मामंजी, शेड मी रिकामं करून देते."