एका शब्दाचा प्रवास : गर्भपाताविषयीचे समज आणि इतिहास



सुरुवात भिंतीवरच्या फलकापासून करू. आपल्या सोलापुरातल्या कुठल्याही सोनोग्राफी सेंटरमध्ये गेलात, तर समोर फलक दिसतो, की इथे गर्भलिंगनिदान केलं जात नाही, तो गुन्हा आहे. बाहेर रस्त्यावर, सरकारी दवाखान्याच्या कंपाउंडवर दुसरा फलक असतो, ‘स्त्री भ्रूणहत्या थांबवा’. हे दोन्ही वाचून घरी गेलेल्या बाईला विचारा, की गर्भपात कायदेशीर आहे का? पुष्कळदा उत्तर येतं, “नाही हो, बंदी आहे.” शिकलेल्या घरांतसुद्धा येतं. आणि वस्तुस्थिती अशी, की ठरावीक अटींखाली गर्भपात या देशात १९७२ पासून कायदेशीर आहे.

एवढा गोंधळ कसा झाला? माझं म्हणणं असं, की तो बराचसा ‘भ्रूणहत्या’ या एका शब्दाने केला आहे. म्हणून आज त्या शब्दाचा थोडा इतिहास बघू.

शब्द जुना आहे, धर्मशास्त्रातला आहे, महापातकांच्या पंगतीतला. पण तो तिथे कुठे कुठे वापरलाय ते बघा. याज्ञवल्क्यस्मृती सांगते, की मुलगी ऋतुमती झाल्यावरही जो तिचं कन्यादान करत नाही, त्याला प्रत्येक ऋतूगणिक भ्रूणहत्येचं पाप लागतं. म्हणजे पोटात गर्भ नाही, लग्नसुद्धा नाही, आणि तरी भ्रूणहत्या! या धाकापोटी आठ-नऊ वर्षांच्या मुलींची लग्नं लागली. पटकी, देवी, ताप यांनी नवरे मरत होते, त्यामुळे बालविधवा झाल्या. उच्चवर्णीयांत त्यांचं पुन्हा लग्न नाही. १८५६ साली विधवाविवाहाचा कायदा झाला खरा, पण समाजाने तो मनावर घेतला नाही. मग घरातल्याच कुणा दिराकडून, मामाकडून, नाहीतर शेजारच्या शास्त्र्याकडून यातल्या एखादीला दिवस राहायचे. आणि तेव्हा तोच शब्द तिच्या अंगावर यायचा. ज्या शब्दाने तिचं लग्न लावलं, त्याच शब्दाने ती गुन्हेगार ठरली. हा क्रम लक्षात ठेवा.

त्यात इंग्रजांचा दंडसंहितेचा कायदा आला. तो १८६० साली झाला आणि १८६२ पासून लागू झाला. त्याच्या कलम ३१२ प्रमाणे गर्भपात करणाऱ्याला तीन वर्षांपर्यंत शिक्षा, आणि गर्भाची हालचाल सुरू झालेली असेल तर सात. स्वतः गर्भ पाडणारी बाईसुद्धा त्यात आली. सूट एकच, बाईचा जीव वाचवण्यासाठी सद्‌भावनेने केलेला गर्भपात. इथे पहिला मोठा समज मोडतो. ‘आपल्या परंपरेत गर्भपात नव्हताच, तो पश्चिमेकडून आला,’ असं म्हणतात. गर्भ पाडण्याची औषधं गावोगावी सुइणींना माहीत होती. पश्चिमेकडून आला तो तुरुंग.

१८६३ साली पुण्यात जोतीराव आणि सावित्रीबाई फुल्यांनी स्वतःच्या घरी बालहत्या प्रतिबंधक गृह काढलं. निमित्त होतं एका ब्राह्मण विधवेचं. तिने नवजात मूल मारून विहिरीत टाकलं होतं आणि तिला काळ्या पाण्याची शिक्षा झाली होती. फुल्यांनी जाहीर फलक लावले, की विधवांनो, इथे या, गुप्तपणे आणि सुखरूप बाळंत व्हा, मूल न्यायचं की ठेवायचं ते तुमच्या मर्जीवर. पुढे याच मार्गाने आलेल्या एका विधवेचा मुलगा, यशवंत, त्यांनी दत्तक घेतला आणि तो डॉक्टर झाला.

आता आपल्या जिल्ह्यात या. पंढरपूर. वारीच्या गर्दीत कोण कुठून आलं हे कुणी विचारत नाही. त्या गर्दीच्या आडोशाने अडचणीत सापडलेल्या बायका पंढरपुरात यायच्या आणि मूल मागे सोडून जायच्या. तिथे न्यायाधीश होते लालशंकर उमियाशंकर, प्रार्थना समाजाचे गुजराती गृहस्थ. अशा मुलांसाठी आणि बायकांसाठी त्यांनी १८७५ साली आश्रम उभा केला. त्यालाच पुढे वासुदेव बाबाजी नवरंगे बालकाश्रम हे नाव मिळालं. मला यात महत्त्वाचं वाटतं ते हे, की ज्याचं काम अशा बायकांना कायद्याने शिक्षा करण्याचं, त्याच माणसाला हे सुचलं. कोर्टात बसून शिक्षेने काही थांबत नाही हे त्याला दिसलं असणार, असा माझा अंदाज.

१८८१ साली सुरतेच्या विजयालक्ष्मी नावाच्या विधवेला बालहत्येसाठी फाशीची शिक्षा झाली. ती अपिलात कमी झाली, पण वर्तमानपत्रांनी तमाम बायकांच्या चारित्र्यावर झोड उठवली. त्यावर बुलढाण्याच्या ताराबाई शिंदे संतापून लिहित्या झाल्या आणि १८८२ साली ‘स्त्रीपुरुषतुलना’ निघालं. त्यांचा सवाल साधा होता. दोघांच्या कृत्याची शिक्षा एकटीलाच का?

आता जवळजवळ शंभर वर्षं ओलांडू. दुसरा समज असा, की १९७१ चा वैद्यकीय गर्भपाताचा कायदा म्हणजे अमेरिकेची नक्कल. अहो, अमेरिकेतला प्रसिद्ध निकाल १९७३ चा! आपला कायदा त्याच्या आधीचा. चोरून केलेल्या गर्भपातांत बायका मरत होत्या. म्हणून १९६४ साली समिती नेमली. तिचे अध्यक्ष होते शांतिलाल शहा, महाराष्ट्राचेच मंत्री. अहवाल १९६६ साली आला आणि कायदा १ एप्रिल १९७२ पासून लागू झाला. मात्र हा कायदा स्त्रीहक्काचा होता, असंही समजू नका. त्यामागे लोकसंख्येची चिंताही होती. कलम ३१२ रद्द झालं नाही, त्याला फक्त अपवाद मिळाला, आणि निर्णय डॉक्टरच्या मतावर ठेवला. आज नव्या न्यायसंहितेत तेच कलम ८८ म्हणून आहे.

मग सोनोग्राफी आली आणि मुली कमी व्हायला लागल्या. हे खोटं नाही. महाराष्ट्रात सहा वर्षांखालच्या हजार मुलांमागे १९९१ साली ९४६ मुली होत्या, २००१ साली ९१३ आणि २०११ साली ८९४. याविरुद्ध मुंबईतल्या स्त्री-कार्यकर्त्या लढल्या. त्यातून १९८८ साली महाराष्ट्राने देशातला पहिला कायदा केला, आणि १९९४ साली केंद्राने. या कायद्यांनी बंदी घातली ती लिंग तपासण्यावर आणि सांगण्यावर. गर्भपातावर नाही. कार्यकर्त्या सांगत होत्या, की ‘गर्भलिंगनिदान’ म्हणा. पण फलकावर चढला तो जुना शब्द, हत्येचा. तो छोटा आहे, भिंतीवर बसतो, आणि काळजाला लागतो.

परिणाम काय झाला? परळी, म्हैसाळ अशी प्रकरणं उघडकीस आली. ती भयानकच होती. पण नंतर छापे पडले, आणि साधे केमिस्टसुद्धा गर्भपाताच्या गोळ्या ठेवायला कचरायला लागले. या गोळ्या पहिल्या नऊ आठवड्यांतल्या, आणि तेव्हा सोनोग्राफीत मुलगा की मुलगी ते दिसतच नाही! विडी वळणाऱ्या बाईचा एक दिवस बुडाला तर त्या दिवसाची मजुरी बुडते. दोन-तीन ठिकाणांहून परत पाठवल्यावर ती शेवटी कुणाकडे जाते, हे पूर्वभागात राहणाऱ्यांना मी सांगायला नको.

२०२१ च्या दुरुस्तीने वीस आठवड्यांपर्यंत एका डॉक्टरचं मत पुरतं. बलात्कारपीडित, अल्पवयीन, विधवा किंवा घटस्फोटित झालेल्या, अशा काही बायकांसाठी दोन डॉक्टरांच्या मताने चोवीसपर्यंत. गर्भात गंभीर दोष असेल तर त्यापुढेही, वैद्यकीय मंडळाच्या निर्णयाने. साधनं फसली तर, हे कारण पूर्वी फक्त विवाहितेला लागू होतं, आता कुठल्याही बाईला आहे. २९ सप्टेंबर २०२२ ला सर्वोच्च न्यायालयाने अविवाहित बायकांनाही चोवीस आठवड्यांच्या तरतुदीत घेतलं. ‘एकदा गर्भपात केला की पुन्हा मूल होत नाही,’ असंही म्हणतात. प्रशिक्षित हातांनी, वेळेत आणि स्वच्छतेने केलेल्या गर्भपाताला ते लागू नाही. ही भीती आली आहे चोरून केलेल्या गर्भपातांतून.

आणि शेवटचं, कारण हे मला सगळ्यात जास्त वेळा विचारलं जातं. नवऱ्याची सही लागते का? बाई सज्ञान असेल तर तिची एकटीची संमती पुरते. नवऱ्याची नाही, सासऱ्याची नाही, वडिलांची नाही. अठराच्या आतली असेल तर पालकाची लागते. हे काही परवा-परवा आलेलं नाही, १९७१ च्या मूळ कायद्यातच तसं लिहिलेलं आहे.

आता प्रश्न घेऊ. मागे बसलेल्या ताईंचा हात मघापासून वर आहे.