एक आक्वा, चार सूर

इग्बो भाषेत रडणं, कापड, अंडं आणि पलंग या चारही गोष्टींना ‘आक्वा’ म्हणतात, असं सांगितलं की ऐकणारा हमखास हसतो. बिचारे एकमेकांशी बोलत तरी कसे असतील, असा प्रश्न त्याच्या चेहऱ्यावर दिसतो. विनोद छान आहे, पण तो खोट्या पायावर उभा आहे. आग्नेय नायजेरियात ही भाषा बोलणारी कोट्यवधी माणसं आहेत आणि त्यांच्यापैकी कुणालाच हे चार शब्द सारखे वाटत नाहीत. आपल्या कानाला ‘घडा’ आणि ‘धडा’ जितके वेगळे, तितकेच त्यांच्या कानाला हे चार आक्वा वेगळे.

फरक सुराचा आहे. रडण्याचा आक्वा दोन्ही अक्षरं वर धरतो. कापडाचा वरून खाली येतो. अंड्याचा खालून वर चढतो. पलंगाचा आक्वा दोन्ही अक्षरं खालीच ठेवतो. हा सूर म्हणजे पेटीवरची ठरलेली पट्टी नव्हे. आजोबांचा उंच सूर नातीच्या खालच्या सुरापेक्षाही खाली असू शकतो. बघायचं ते शेजारचं अक्षर त्याच्या वर आहे की खाली. त्यात आणखी एक बारकावा असा, की काही ठिकाणी उंच सुरापुढचा दुसरा उंच सूर पायरीभर खाली उतरतो, आणि एकदा उतरला की त्या बोलण्याच्या ओघात पुन्हा पहिल्या उंचीवर जात नाही. जॉन गोल्डस्मिथ या अमेरिकन भाषावैज्ञानिकाने 1976 साली सुरांविषयी जो गाजलेला प्रबंध लिहिला, त्यात इग्बोची उदाहरणं आहेत. सूर हा अक्षराला चिकटलेला गुण नसून अक्षरांच्या रांगेबरोबर चालणारी दुसरी स्वतंत्र रांग आहे, असा त्याचा मुद्दा. ही दोन रांगांची कल्पना पुढे उपयोगी पडणार आहे.

मराठीतही सूर असतो, पण तो वाक्याचा. ‘हो’ हा एवढासा शब्द घ्या. होकार, शंका, चीड, कंटाळा हे सगळं त्यात मावतं, पण ‘हो’चा अर्थ बदलून ‘पलंग’ होत नाही. वैदिक संस्कृतात मात्र शब्दाच्या स्वराने अर्थ फिरत असे. त्वष्ट्याला इंद्राचा मारेकरी ठरेल असा पुत्र हवा होता. त्यासाठीच्या यज्ञात ‘इंद्रशत्रु’ या शब्दाचा स्वर चुकला, ‘इंद्र हाच ज्याचा मारेकरी’ असा अर्थ झाला आणि तो पुत्र, वृत्र, प्राणाला मुकला. व्याकरण का शिकावं याची कारणं देताना पतंजलीने ही गोष्ट महाभाष्याच्या सुरुवातीलाच सांगितली आहे. इग्बोत असा घोटाळा व्हायला यज्ञच लागतो असं नाही, बाजारात अंडी विकत घेतानाही तो होऊ शकतो.

तर मग हे शब्द ‘सारखे’ झाले कुठे? कागदावर. आज आपण जी इग्बो लिपी बघतो ती रोमन आहे आणि ती मिशनऱ्यांबरोबर आली. 1857 साली सॅम्युएल अजायी क्राउथर यांनी इग्बोची अंकलिपी छापली. क्राउथर स्वतः योरुबा होते; लहानपणी गुलाम म्हणून विकले गेले, जहाजावरून सुटले आणि पुढे बिशप झाले. 1913 साली आर्चडीकन टॉमस डेनिस यांच्या देखरेखीखाली अनेक बोलींची सरमिसळ करून तयार केलेल्या ‘युनियन इग्बो’त संपूर्ण बायबल आलं. ही भाषा घरोघरी पोचली, पण कुणाच्याच तोंडची नव्हती. कादंबरीकार चिनुआ अचेबे यांनी 1999 साली ओवेरीच्या एका व्याख्यानात डेनिस यांच्यावर याबद्दल सडकून टीका केली. मला ती टीका जरा जास्त कडक वाटते, पण राग समजू शकतो. पुण्या-नागपूरच्या आणि कोकण-खानदेशच्या बोलींतून चारचार शब्द उचलून कुणी मराठी बायबल केलं असतं, तर आपणही गप्प बसलो नसतो.

पुढे 1929 पासून लिपीवरून प्रोटेस्टंट आणि कॅथलिक यांच्यात जुंपली. एकाला जुनी अक्षरं हवी, दुसऱ्याला नवी. हा वाद तीस वर्षांहून अधिक काळ चालला आणि 1961 साली डॉ. ऑन्वु यांच्या समितीने तो मिटवला. आजही प्रमाण लेखनाला ‘ऑन्वु लेखनपद्धती’ म्हणतात. गंमत अशी की इग्बोत ‘ऑन्वु’ म्हणजे मृत्यू. हे आडनाव अपशकुनी नाही. ‘मृत्यो, तुला विनवतो’ अशा अर्थाचं ‘ऑन्वुबिकॉ’ हे नावही तिथे आहे. मृत्यूशी बोलणी करणारी अशी नावं इग्बो घरांत ठेवतात. तरीही एका भाषेचं शुद्धलेखन मृत्यूच्या नावाने ओळखलं जावं, ही कोटी कुणी जाणूनबुजून केली असती तर शाबासकी द्यावी लागली असती.

या लेखनात सूर दाखवायच्या तिरप्या रेघा आहेत. कोशांत आणि व्याकरणांत त्या दिसतातही. रोजच्या लिहिण्यात, वर्तमानपत्रात, बायबलात, निरोपात कुणी त्या देत नाही. ‘जरा थांब’मधला ‘जरा’ आणि ‘जरा-मरण’मधला ‘जरा’ आपण वेगळे उच्चारतो आणि एकाच अक्षराने लिहितो. कुणी टिंब देत नाही आणि कुणाचं अडतही नाही. इग्बोत हेच पानोपान घडतं. ‘न्वा ना-एबे आक्वा न’आक्वा माका आक्वा’ असं लिहिलेलं वाक्य घ्या. पोर रडतंय हे नक्की, कारण ‘एबे’च्या जोडीचा आक्वा रडण्याचाच. पण ते पलंगावर रडतंय की कापडावर? अंड्यासाठी की कापडासाठी? वाचणाऱ्याने ठरवायचं. तेच वाक्य कुणी मोठ्याने वाचलं की शंका संपते.

जवळजवळ संपते. खालच्या-खालच्या सुरातला आक्वा पलंगही असतो आणि पूलही. इथे सूरही मदत करत नाही. दोन्ही शब्द खरोखरच एकसारखे, आपल्याकडच्या श्लेषाला लागतात तसे. ओनित्शा आणि असाबा यांना जोडणारा नायजर नदीवरचा पूल 1965 साली पुरा झाला. तो पूल आणि घरातला पलंग हे इग्बो तोंडात आजही एकच नाव वागवतात. म्हणजे आपलं पोर पुलावर बसूनही रडत असू शकतं.

असे कागदी जोडीदार या भाषेत भरपूर सापडतात. ‘एझे’ म्हणजे राजा आणि ‘एझे’ म्हणजे दात. ‘आझु’ म्हणजे मासा, सूर उलटा केला की पाठ. ‘ओके’ तर चौघं आहेत: नर, उंदीर, सीमा आणि वाटा. अचेबे यांच्या 1958 सालच्या कादंबरीचा नायक ओकोन्क्वो आपल्या वाचकांनाही माहीत आहे. न्क्वो हा इग्बोंच्या चार दिवसांच्या बाजार-आठवड्यातला एक दिवस; त्या दिवशी जन्मलेला मुलगा तो ओकोन्क्वो. एके या दिवशी जन्मलेला ओकेके. या दुसऱ्या नावातला ‘ओके’ नर आहे, उंदीर नव्हे. इग्बो माणसाला हे सांगावं लागत नाही. मला आणि तुम्हाला लागतं.

‘एन्यी’ म्हणजे मित्र, आणि दुसरं अक्षरही वरच धरलं तर हत्ती. आबा शहराचा फुटबॉल संघ एन्यिंबा हा हत्तीचा संघ. त्याने 2003 आणि 2004 अशी लागोपाठ दोन वर्षं आफ्रिकेच्या क्लबांचं विजेतेपद पटकावलं. तिथे मित्र म्हणून कुणी मैदानात उतरलं नव्हतं.

‘ईग्वे’ची कथा सगळ्यात नाटकी. आकाश म्हणजे ईग्वे, आणि राजालाही मानाने ईग्वे म्हणतात. नॉलिवूडच्या, म्हणजे नायजेरियन सिनेसृष्टीच्या, राजवाड्याच्या सिनेमांत दर दोन मिनिटांनी कुणीतरी पंखा हातात घेतलेल्या महाराजांपुढे वाकून ‘ईग्वे!’ म्हणतं. आता दुसरं अक्षर खाली आणा. ईग्वे म्हणजे लोखंड, आणि त्यावरून सायकलही. पहिलंही खाली आणलं तर जमाव. परदेशी पाहुणा दरबारात मोठ्या अदबीने वाकला आणि महाराजांना सायकल म्हणाला, हा प्रसंग माझ्या कल्पनेतला आहे, पण तो घडलाच नसेल यावर माझा विश्वास नाही.

म्हणींतही हा धोका दबा धरून असतो. ‘एग्बे बेरे, उगो बेरे’ ही इग्बोंची अत्यंत लाडकी म्हण: घारही बसो, गरुडही बसो. दोघांनाही फांदीवर जागा आहे. घारीचं ‘एग्बे’ दोन्ही अक्षरांनी उंच. शेवट खाली आणला की एग्बे म्हणजे बंदूक. जगा आणि जगू द्या म्हणणाऱ्या या म्हणीत सुराच्या एका घसरणीने फांदीवर बंदूक येऊन बसते.

हे सूर सांभाळणं सगळ्यात कठीण गेलं ते चर्चमध्ये. युरोपातल्या भजनांच्या चाली तशाच ठेवून त्यांवर इग्बो शब्द बसवले गेले. चाल वर गेली तिथे शब्दाचा सूर खाली, शब्द चढायला लागला की चाल उतरायची. परिणामी, श्रद्धेने गायलेल्या ओळीत ऐकणाऱ्याला भलताच शब्द ऐकू येण्याची सोय झाली. ‘एग्वू’ म्हणजे गाणं, नाच. शेवट खाली आला की एग्वू म्हणजे भीती. लाझारस एक्वुएमे या इग्बो संगीतज्ञाने 1974 साली भाषेच्या सुरांनी इग्बो संगीताची चाल कशी ठरते यावर लिहिलं. गावातल्या गाणाऱ्या बायकांना हे शास्त्राशिवायच ठाऊक होतं. त्यांची चाल शब्दांच्या चढउताराच्या मागोमाग जाते. आपल्याकडे चाल आधी सुचून मग शब्द भरले तरी चालतं. तिथे ते महागात पडतं.

मग इग्बो लोक स्वतः शब्दांशी खेळतात कसे? मुलांना जीभ वळवायला लावणाऱ्या वाक्यांना ‘ओक्वुन्तुही’ म्हणतात आणि कोडं घालणारा आधी ‘ग्वाम ग्वाम ग्वाम’, म्हणजे सांग सांग सांग, असं म्हणून सुरुवात करतो. आक्वा-आक्वा छाप वाक्यं जीभ वळवायला उत्तम, कारण तोंड तेच ठेवून गळा बदलायचा असतो. शेजारच्या एफिक आणि इबिबिओ लोकांनी तर याहून पुढची मजल मारली. कालाबारच्या या भागातली कोडी डोनाल्ड सिमन्स याने 1950 च्या दशकात गोळा केली. त्यांत प्रश्न आणि उत्तर यांचा अर्थाने संबंध असेलच असं नाही. दोघांच्या सुरांची रांग जुळली की उत्तर बरोबर. म्हणजे अक्षरं वेगळी, चाल एक. आपल्याकडचं यमक बरोब्बर उलटं केलं तर जे होईल ते.

इग्बो बासरी ‘ऑजा’ याच गुपितावर चालते. हातभर लांबीचीही नसलेली ही लाकडी शिट्टी मुखवट्यांच्या नाचात नाचणाऱ्याला नावाने हाक मारते, त्याच्या घराण्याची स्तुती करते. अक्षरं फुंकता येत नाहीत, सूर फुंकता येतात. लाकडाचा पोकळ ‘एक्वे’ही असाच बोलतो. कागदाने अक्षरं ठेवली आणि सूर फेकले, बासरीने सूर ठेवले आणि अक्षरं फेकली. दोघांचंही भागतं, हे मला या भाषेतलं सगळ्यात मोठं नवल वाटतं. अर्थात बासरीलाही अडचण आहे: एकाच सुराचे दहा शब्द असतात. म्हणून वाजवणारा एकटा शब्द क्वचितच वाजवतो. तो ठरलेली लांब विशेषणं जोडतो, म्हणजे ऐकणाऱ्याच्या मनात एकच माणूस उरतो. काँगोतल्या बोलक्या नगाऱ्यांवर 1949 साली पुस्तक लिहिणाऱ्या जॉन कॅरिंग्टनलाही तिथे हेच आढळलं होतं.

खेळाचा आणखी एक फड अलीकडे मोबाइलवर लागला आहे, आणि तिथे सुरांच्या जोडीला टिंबंही हरवली. ऑन्वु लेखनपद्धतीत काही स्वरांखाली टिंब असतं. ते दिलं की स्वर निराळा, शब्दच निराळा. टिंबाविना ‘ऊडो’ म्हणजे शांती. टिंबांसह ‘उडॉ’ म्हणजे दोर. ‘ओकू’ म्हणजे हाक, ‘ऑकु’ म्हणजे आग, आणि घरातली वीजही. इंग्रजी कळफलकावर टिंब शोधायला वेळ कुणाला? निरोपाच्या शेवटी शांती लिहिली जाते, आणि त्याच अक्षरांत दोरही येऊन बसतो.

आणि ‘ईके’. ईकेन्ना, ईकेचुक्वू या नावांतला ईके म्हणजे बळ: पित्याचं बळ, देवाचं बळ. ‘ईके ग्वुरु म’ म्हणजे माझं बळ संपलं, मी दमलो. हा रोजच्या वापरातला वाक्प्रचार भाषा शिकणाऱ्याला पहिल्याच आठवड्यात लागतो. बळाचा ईके वरच्या सुरात असतो. तो खाली घसरला तर ईके म्हणजे ढुंगण. दमलेल्या नवशिक्याने हे वाक्य चुकीच्या सुरात म्हटलं की इग्बो माणसं त्याला दुरुस्त करण्याआधी पोट धरून हसून घेतात.