रुळांलगतची जमीन : पिनरमधील घरबांधणीचा इतिहास

लंडनच्या वायव्येस, पूर्वीच्या मिडलसेक्स परगण्यात वसलेले पिनर हे एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धापर्यंत मुख्यतः शेतीवर जगणारे खेडे होते आणि १३३६ च्या राजसनदेने सुरू झालेली जत्रा ही त्याची जुनी ओळख होती. २५ मे १८८५ रोजी मेट्रोपॉलिटन रेल्वेचा हॅरोपासून पुढे वाढवलेला मार्ग येथे पोहोचला, आणि गावाचे भवितव्य रुळांपेक्षाही रुळांलगतच्या जमिनीने ठरवले. १८४५ च्या भूसंपादन कायद्यानुसार रेल्वे कंपन्यांना वापराविना उरलेली जमीन ठरावीक मुदतीत विकून टाकावी लागे; रेल्वेच्या नावाखाली जमिनीचा धंदा होऊ नये, हा त्यामागील हेतू. मेट्रोपॉलिटनने मात्र संसदेकडून अशी जमीन राखण्याची व विकसित करण्याची मुभा मिळवली, आणि पिनर स्थानकाजवळची सेसिल पार्क ही वसाहत त्याच सवलतीचे फळ होय. पुढे १९१९ मध्ये, कंपनीच्या या अधिकारांबद्दल कायदेशीर शंका असल्यामुळे, ‘मेट्रोपॉलिटन रेल्वे कंट्री इस्टेट्स’ नावाची स्वतंत्र कंपनी स्थापण्यात आली. रेल्वेचे महाव्यवस्थापक रॉबर्ट सेल्बी हे या धोरणाचे प्रमुख पुरस्कर्ते होते.

रेल्वे आणि जमीन यांच्या या मेळाचे खरे रूप जुन्या पिनरच्या हद्दीतील रेनर्स लेन येथे दिसते. १९०६ मध्ये शेतांच्या मध्ये उघडलेल्या या थांब्याच्या उत्तरेस कंट्री इस्टेट्सने १९२९ पासून ‘हॅरो गार्डन व्हिलेज’ वसवले, तर दक्षिणेस टी. एफ. नॅश यांच्या कंपनीने त्याहून स्वस्त घरांच्या रांगा उभ्या केल्या. १९३० मध्ये वर्षाकाठी सुमारे २२,००० प्रवासी पाहणाऱ्या स्थानकाने १९३७ मध्ये सुमारे ४० लाख पाहिले. ही घरे पगारदारांच्या आवाक्यात आली ती ‘बिल्डर्स पूल’ या व्यवस्थेमुळे. गृहकर्ज देणाऱ्या बिल्डिंग सोसायट्या, म्हणजे सभासदांच्या ठेवींतून कर्ज देणाऱ्या संस्था, साधारणपणे किमतीच्या तीन चतुर्थांशापर्यंतच रक्कम देत. परंतु बांधकाम व्यावसायिकाने हमी म्हणून सोसायटीकडे रक्कम ठेवली की कर्ज ९५ टक्क्यांपर्यंत जाई. समजा घर ६०० पौंडांचे असेल, तर ग्राहकाला पदरची भरावी लागणारी रोकड १५० वरून ३० पौंडांवर येई. १९३२ मध्ये बँक दर दोन टक्क्यांवर आल्याने हप्तेही हलके झाले. मात्र या साटेलोट्यात घराच्या दर्जाची चौकशी कोणी करेना. केंटमधील एल्सी बॉर्डर्स यांनी सदोष घराचे हप्ते थांबवून सोसायटीशी न्यायालयात लढा दिला, आणि अखेर १९३९ च्या कायद्याने अशा हमीच्या व्यवहारांवर बंधने घातली.

सरकारही या खेळात होते. १९२३ च्या गृहनिर्माण कायद्याने ठरावीक आकाराच्या प्रत्येक घरामागे वीस वर्षे, दरसाल सहा पौंडांचे अनुदान ठेवले आणि ते खासगी बांधकामालाही खुले केले. त्यामुळे लाभ घर विकत घेऊ शकणाऱ्या वर्गाकडे झुकला. मजुराच्या वाट्याला नगरपालिकेच्या भाड्याच्या घराची प्रतीक्षा उरली. पिनरमध्ये ही विसंगती विशेष ठळक आहे. ‘आर्टिझन्स, लेबरर्स अँड जनरल ड्वेलिंग्ज’ ही कंपनी १८६७ मध्ये कारागीर-मजुरांना चांगली घरे मिळावीत म्हणून स्थापन झाली होती, आणि दारूच्या गुत्त्यांना मज्जाव करणारी बॅटरसीची शाफ्ट्सबरी पार्क वसाहत तिचीच. तिनेच १९३० च्या दशकात पिनरवुड पार्क उभारले, तेही बहुतांशी मध्यमवर्गासाठी.

१९३३ मध्ये मेट्रोपॉलिटन रेल्वे लंडनच्या सार्वजनिक वाहतूक मंडळात विलीन झाली, परंतु कंट्री इस्टेट्स बाहेरच राहिली. म्हणजे रेल्वे जनतेची झाली, तिने वाढवलेल्या जमिनीच्या किमतीचा लाभ मात्र जनतेचा झाला नाही. मराठी वाचकाला येथे नवी मुंबई आठवल्यास नवल नाही : १९९२ मध्ये सुरू झालेल्या मानखुर्द-वाशी मार्गाच्या खर्चाचा ६७ टक्के भार जमीनधारक सिडकोने व ३३ टक्के रेल्वेने उचलला, म्हणजे बहुतांश गुंतवणूक आणि जमीन एकाच सार्वजनिक हाताशी राहिली. लंडनची वाहतूक संस्थाही अलीकडे आपल्या जमिनीवर, स्थानकांच्या वाहनतळांसह, घरे बांधू पाहते, आणि त्यांतील निम्मी परवडणारी असावीत असे महापौरांचे धोरण आहे; हॅरो परिसरातील स्टॅनमोर येथे अशा प्रस्तावाला सर्वाधिक विरोध झाला तो गाडी उभी करण्याच्या जागेवरून.