दुसऱ्या पर्वाचा निवाडा

१ जानेवारी १९६३ रोजी ओसामु तेझुका यांच्या मुशी प्रॉडक्शनने ‘तेत्सुवान आतोमु’ ही चित्रमालिका जपानी दूरचित्रवाणीवर आणली, तेव्हा दर आठवड्यास नवा भाग पुरविण्याच्या निकडीतून, थोडक्या चित्रांत गतीचा आभास निर्माण करण्याची जी काटकसर या व्यवसायात रूढ झाली, तिचे स्मरण ठेवूनच ‘वन पंच मॅन’ या जपानी चित्रमालिकेच्या दुसऱ्या पर्वाचा निवाडा केला पाहिजे.

मुशीतून बाहेर पडलेल्या कलावंतांनी १९७२ मध्ये स्थापिलेल्या मॅडहाउसने २०१५ साली पहिले पर्व सिद्ध केले, आणि दिग्दर्शक शिंगो नात्सुमे यांच्या स्नेहसंबंधांमुळे अनेक स्वतंत्र चित्रकार त्या कार्यास हातभार लावण्यासाठी एकत्र आले. २०१९ मध्ये मात्र दुसऱ्या पर्वाची निर्मिती जे. सी. स्टाफ या संस्थेकडे आणि दिग्दर्शन चिकारा साकुराई यांच्याकडे गेले. युद्धप्रसंगांतील ओज उणावले, ही प्रेक्षकांची फिर्याद रास्तच होय. परंतु वीरांच्या मागावर निघालेल्या गारौ या तरुणाची व्यथा त्या १२ भागांत ज्या गांभीर्याने उभी राहिली, तिची नोंद न घेता दिलेला निकाल एकतर्फी ठरेल. चित्रमालिकेची खरी सनद ती रेखाटणाऱ्या हातांच्या नावे असते, हा या इतिहासाचा बोध मला मोलाचा वाटतो.